विक्रीची ढाल वेदीपुढे ठेवावी काय?

आपल्या मंडळ्यांमध्ये दारूविषयी बोलणे निघाले की ते पिणाऱ्याविषयीच निघते. उपदेशात त्याचाच उल्लेख, प्रार्थनासभेत त्याच्यासाठीच विनंती, आणि शब्बाथ शाळेतील गोष्टीतही शेवटी रडणारी बायको व उपाशी मुले त्याचीच. परंतु बाटली पिणाऱ्याच्या हाती आपल्या पायांनी चालत येत नाही. ती कोणी तरी भरतो, कोणी मोजतो, कोणी ट्रकवर चढवतो, कोणी तिचा हिशेब लिहितो. ही कामे करणारे लोकही रविवारी आपल्याच बाकांवर बसतात. त्यांच्या नोकरीकडे आणि नोकरीतील यशाकडे ख्रिस्ती माणसाने कसे पाहावे? हैद्राबादेत राहणाऱ्या आम्हां लोकांना हा प्रश्न टाळता येत नाही, म्हणून तो वाचकांपुढे मांडीत आहे.

प्रथम हा व्यवहार कसा चालतो ते पाहू. आंध्र प्रदेशात १९८६ साली दारूचा घाऊक व्यापार सरकारी महामंडळाकडे गेला. २०१४ साली तेलंगण वेगळे झाल्यावर या राज्याचे स्वतंत्र महामंडळ झाले. संगारेड्डीकडील कारखान्यांत तयार झालेली बिअर आधी महामंडळाच्या गोदामांत येते, आणि तेथून ती परवाना असलेल्या दुकानदारांकडे जाते. अशी २,६२० दुकाने राज्यात आहेत. जानेवारी २०२५ मध्ये युनायटेड ब्रुअरीज या कंपनीने महामंडळाला बिअर देणे थांबवले. २०१९-२० पासून भाव वाढवून दिला नाही आणि मोठी रक्कम थकली आहे, असे तिचे म्हणणे होते. दोन आठवड्यांच्या आत पुरवठा पुन्हा सुरू झाला आणि फेब्रुवारीत भाव शेकडा १५ नी वाढला. त्या दिवसांत शहरात ज्याच्या त्याच्या तोंडी हाच विषय होता. मद्यपानबंदीसाठी राज्याने झटावे असे राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात लिहिले आहे, आणि घाऊक विक्रेता मात्र राज्य स्वतःच आहे! अशा परिस्थितीत त्या धंद्यात पोट भरणाऱ्या गरीब माणसालाच तेवढे बोल लावणे सोपे असते.

या धंद्यातील काम मोठे कष्टाचे आहे. एका पेटीत ६५० मिलिलिटरच्या १२ बाटल्या असतात, म्हणजे नुसती बिअरच जवळजवळ ८ लिटर झाली. काचेचे वजन निराळे. बिअर व्हिस्कीसारखी वर्षानुवर्षे टिकत नाही. ऊन आणि उष्णता तिला लवकर बिघडवतात. त्यामुळे जुना माल आधी बाहेर काढणे, नवा मागे लावणे, उन्हात ट्रक उभा राहू न देणे, ही सारी धावपळ एप्रिल-मे महिन्यांच्या ऐन काहिलीत करावी लागते, कारण मागणीही तेव्हाच सर्वांत जास्त. हमाल, ड्रायव्हर, गोदाम सांभाळणारा, बिले करणारा आणि दुकानोदुकानी फिरणारा विक्री प्रतिनिधी यांपैकी एकाने जरी हात आखडता घेतला तरी सगळ्यांचे काम अडते. म्हणून अशा ठिकाणी माणसे एकमेकांना धरून राहतात. सकाळी आलेला माणूस दुसऱ्याचे काम संपेपर्यंत घरी जात नाही. हे गुण खरे आहेत. धंदा आपल्याला आवडत नाही म्हणून त्यातील प्रामाणिक माणसाचा प्रामाणिकपणा खोटा ठरत नाही.

माझ्या ओळखीच्या एका मंडळीत असा प्रसंग आला. मराठवाड्यातून नोकरीसाठी येथे आलेल्या कुटुंबातील एक तरुण बिअर पोहोचवणाऱ्या एका कंपनीत पर्यवेक्षक आहे. एका उन्हाळ्यात त्याच्या टीमने ठरवून दिलेल्या आकड्यापेक्षा पुष्कळ जास्त पेट्या पोहोचवल्या. कंपनीने समारंभ करून त्यांना ढाल दिली आणि प्रत्येकाला बक्षिसाची रक्कम दिली. त्या तरुणाने रकमेचा दशमांश पाकिटात घातला. येत्या रविवारी उपासनेत हे यश जाहीर करून देवाचे आभार मानावेत आणि ढाल वेदीपुढे ठेवून प्रार्थना करावी, अशी विनंती त्याने पाळकांना केली. त्याच्या मनात कपट नव्हते. मुलगी दहावी पास झाली की आपण आभार मानतो, घर बांधले की मानतो, मग हे का नको?

परंतु त्याच मंडळीत पुढून तिसऱ्या बाकावर एक विधवा बहीण बसते. तिचा नवरा दारूने गेला, आणि त्याची सुरुवात बिअरनेच झाली होती. ती जाहीर होणारी संख्या तिच्या कानांवर कशी पडली असती?

कमिटीत दोन पक्ष झाले. एका पक्षाने अनुवादाच्या २३ व्या अध्यायाकडे बोट दाखवले. निंद्य कमाईचा पैसा नवस फेडण्यासाठी परमेश्वराच्या घरात आणू नये, असे तेथे सांगितले आहे. दुसरा पक्ष म्हणाला, हा पैसा चोरीचा नाही, परवान्याच्या धंद्यातला आहे. आणि याच्याकडून दर महिन्याची वर्गणी घेताना कोणाला हे वचन आठवले नाही!

दुसऱ्या पक्षाचे शेवटचे वाक्य बोचरे आहे, पण त्याकडे दुर्लक्ष करता येणार नाही. मत्तयाच्या २७ व्या अध्यायात यहूदाने परत आणून टाकलेले रुपे मंदिराच्या भांडारात टाकण्यास मुख्य याजक कचरले. ते रक्ताचे मोल आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. पण ते मोल दिले होते कोणी? त्यांनीच! पैशाच्या शुद्धतेविषयी ते इतके दक्ष, आणि पश्चात्तापाने पोळलेला जो माणूस त्यांच्यापुढे उभा होता त्याला मात्र त्यांनी तुझे तू पाहा म्हणून वाटेला लावले. पाकीट परत करून माणसाला विसरणारी कमिटी याच रांगेत जाऊन बसते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दारूच्या व्यवहाराला ज्याचा हात लागला तो दोषी, असा सरसकट नियम करता येईल काय? नहेम्या राजाचा प्यालेबरदार होता. राजाच्या हाती द्राक्षारस देणे हेच त्याचे काम, आणि त्याच जागेचा उपयोग देवाने यरुशलेमेच्या तटासाठी केला. शिवाय, राज्याच्या तिजोरीत दारूचा पैसा फार मोठा. २०२३ साली तेलंगणात दुकानांच्या परवान्यांसाठी लाखाहून जास्त अर्ज आले. प्रत्येक अर्जाची फी २ लाख रुपये, आणि ती परत मिळायची नव्हती. नुसत्या अर्जांतून सरकारला २,५०० कोटींहून अधिक रुपये मिळाले. सरकारी शाळेतील शिक्षकाचा पगार आणि विधवा बहिणीची पेन्शन याच तिजोरीतून येते. तेव्हा माझे हात अगदी कोरडे आहेत असे म्हणण्याची सोय आपल्यापैकी कोणालाच नाही.

पण सगळ्यांचे हात ओले आहेत म्हणून सगळे सारखेच, हेही खरे नाही. लूकाच्या ३ ऱ्या अध्यायात जकातदार आणि शिपाई योहानाकडे आले. त्याने त्यांना नोकरी सोडा असे म्हटले नाही. ठरलेल्यापेक्षा जास्त घेऊ नका आणि आपल्या पगारात समाधान माना, एवढेच त्याने सांगितले. हे बारकाईने पाहावे. त्या नोकऱ्यांमध्ये पाप शिरायला जागा होती ती ‘जास्त’ या शब्दात. जो हमाल पेटी उचलतो त्याची मजुरी पेटी उचलण्याची आहे. परंतु ज्याचे बक्षीस गेल्या वर्षीपेक्षा लोकांनी अधिक प्यावे यावर अवलंबून असते, त्याच्या आनंदाची आणि शेजाऱ्याच्या हिताची फारकत झालेली असते. शेजाऱ्याला पाजणाऱ्याविषयी हबक्कूक संदेष्ट्याने २ ऱ्या अध्यायात जो धिक्कार उच्चारला आहे, त्याचा रोख याच ठिकाणी आहे. माझ्या मते सीमारेषा येथे आहे. ज्याच्या वाढीने कोणाचे तरी घर कमी होते, अशा वाढीबद्दल ख्रिस्ती माणसाला देवाचे आभार मानता येत नाहीत. टीम कितीही एकदिलाची असो, ती कशासाठी झटली हा प्रश्न तिच्या एकीने सुटत नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या १९ व्या अध्यायातील देमेत्रिय सोनाराचे कारागीरही एकदिलाचेच होते.

येथे कोणी म्हणेल, “अहो, बिअर म्हणजे काय, जवाचे पाणी!” थोडा हिशेब करू. कडक बिअरमध्ये शेकडा ८ पर्यंत मद्यार्क असतो. ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत तो ५२ मिलिलिटर भरतो. व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरच्या मोठ्या पेगात तो सुमारे २६ मिलिलिटर असतो. म्हणजे एक बाटली दोन मोठ्या पेगांइतकी झाली. इंग्लंडात मद्यपाननिषेधाची चळवळ सुरू झाली तेव्हा शपथ फक्त कडक दारूपुरती असे, बिअरला मोकळीक होती. बिअर पिऊनही मजुरांची घरे बुडतात हे पाहिल्यावर १८३२ साली प्रेस्टन गावी जोसेफ लिव्हसी आणि त्याच्या सोबत्यांनी सर्वच मद्य सोडण्याची शपथ घेतली. अमेरिकेतील स्त्रियांच्या मद्यपाननिषेधक संघाच्या कार्याची ओळख पंडिता रमाबाईंनी १८८९ सालच्या आपल्या प्रवासवृत्तात मराठी वाचकांना करून दिली. आणि मद्याचे सुरक्षित असे प्रमाणच नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले.

एकदिलाने झटण्याचे आणखी एक उदाहरण आपल्या शेजारच्याच भूमीतले आहे. १९९२ साली नेल्लोर जिल्ह्यातील दुबगुंटा गावच्या बाया साक्षरतेच्या वर्गात अक्षरे शिकता शिकता आपल्या घरच्या दुःखाविषयी बोलू लागल्या. त्यांनी गावातील सारायाचे दुकान बंद पाडले. गावोगावच्या बाया उठल्या. १ ऑक्टोबर १९९३ पासून आंध्रात सारायाला बंदी झाली आणि जानेवारी १९९५ मध्ये संपूर्ण दारूबंदी आली. ती १९९७ साली शिथिल झाली हे खरे. सरकारला पैसा हवा होता. तरीही त्या बायांचे यश लहान ठरत नाही. त्यांनाही उन्हातान्हात रांगेने उभे राहावे लागले, एकमेकींना धरून राहावे लागले. त्यांना ढाल मिळाली नाही. पण त्यांच्या यशाबद्दल कोणत्याही उपासनेत मोकळ्या तोंडाने आभार मानता आले असते, आणि तिसऱ्या बाकावरील बहिणीने सर्वांत मोठ्याने आमेन म्हटले असते. यशाची कसोटी घ्यायची तर ती अशी घ्यावी.

आमच्या त्या तरुणाचे पुढे काय झाले? पाळक त्याच्या घरी गेले. त्यांनी त्याला विचारले, “या उन्हाळ्यातील कोणकोणत्या गोष्टींबद्दल तुला देवाचे आभार मानावेसे वाटतात, त्या एकेक सांग पाहू.” तो सांगू लागला. टीममधील एका ड्रायव्हरला अपघात झाला होता, त्याच्या दवाखान्याचा खर्च सर्वांनी मिळून केला आणि तो बरा झाला. हिशेबात एका पैशाचीही लबाडी झाली नाही. कोणी हमाल उन्हाने दगावला नाही. पेट्यांच्या संख्येशी आल्यावर तो आपण होऊनच थांबला. म्हणाला, “पाळकसाहेब, हे राहू द्या.” रविवारी ड्रायव्हर बरा झाल्याबद्दल आभार मानले गेले. ढाल घरीच राहिली. पाकिटातील पैसे त्याच्याच इच्छेने दारूने उघड्या पडलेल्या एका घरातील मुलांच्या फीसाठी गेले.

तो आजही त्याच नोकरीत आहे. हे वाचून काहींना समाधान वाटणार नाही. परंतु त्याच्या घरी म्हातारी आई आहे, दोन मुले शिकत आहेत, आणि नोकरी सोड असे सांगणाऱ्यांपैकी एकानेही त्याला दुसरी नोकरी पाहून दिलेली नाही! आपल्या मंडळ्यांत कारखानदार आहेत, शाळांचे व दवाखान्यांचे चालक आहेत, मोठमोठे अधिकारी आहेत. अशा भावाला बाहेर काढण्याचे दार त्यांच्या हाती आहे. ते दार न उघडता नुसता उपदेश करणे म्हणजे दुसऱ्याच्या डोक्यावर ओझे ठेवून स्वतः बोटही न लावणे होय. आणि दार उघडल्यावर त्या भावाने पगार थोडा कमी मिळतो म्हणून मागे फिरू नये, हेही तितकेच खरे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना एक विनंती. मोठ्या मुलांच्या वर्गात दारूवरील धडा घेताना केवळ पिऊ नका एवढ्यावर थांबू नका. उद्या ही मुले नोकऱ्यांना लागतील. कोणी दारूच्या, कोणी तंबाखूच्या, कोणी गरिबाला जबर व्याजाच्या कर्जात अडकवणाऱ्या कंपनीत. तेथे त्यांना शाबासकी मिळेल, टीमबरोबर त्यांचे फोटो निघतील. त्यांना आतापासून विचारायला शिकवा: माझ्या कामाची बढती झाली की कोणाची पडती होते? माझ्या यशाची बातमी ऐकून कोणाला रडू येईल? कलस्सैकरांस लिहिताना पौलाने प्रत्येक काम प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करण्यास सांगितले. पण जे काम प्रभूसाठी म्हणून करायचे, ते प्रभूला दाखवताही आले पाहिजे.

प्रभू आपल्यातील कष्टकऱ्यांच्या हातांना असे काम देवो की ज्याची ढाल, मिळालीच तर, त्यांना वेदीपुढे आणताना संकोच वाटणार नाही. आणि तोवर अडचणीच्या नोकरीत दिवस काढणाऱ्यांना मंडळीचा आधार लाभो.