भुकेची कादंबरी आणि तिचा लेखक



काही आठवड्यांपूर्वी दुसऱ्या मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील एक तरुणी सॅक्रिस्टीच्या दाराशी येऊन थांबली. ती इंग्रजी साहित्यात एम. ए. करते. हातात लायब्ररीची एक कादंबरी होती. “फादर, अर्धी वाचली, आवडलीही. मग लेखकाविषयी वाचलं. आता पुढे वाचू की परत करू?” बाहेर बाप्तिस्म्याची मंडळी खोळंबली होती. “पुढच्या रविवारी सांगतो” असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. त्यानंतर दोन रविवार गेले. प्रश्न सोपा नाही, म्हणून उत्तर सर्वांसमोरच लिहीत आहोत.

कादंबरीचे नाव ‘भूक’. मूळ नॉर्वेजियन नाव ‘सुल्ट’, लेखक क्नुट हामसुन. तिचा एक भाग १८८८ साली एका डॅनिश नियतकालिकात लेखकाच्या नावाविना छापून आला आणि १८९० मध्ये पूर्ण पुस्तक निघाले. क्रिस्तियानिया, म्हणजे आजचे ऑस्लो, या शहरात एक तरुण लेखक उपाशी फिरतो. त्याचे नावही आपल्याला कळत नाही. तो लाकडाचा ढलपा चघळतो, कोटाची बटणे गहाण टाकायला नेतो, खाटकाकडे ‘कुत्र्यासाठी’ म्हणून हाड मागतो आणि आडोशाला जाऊन स्वतःच कुरतडतो. कथा म्हणावी तर एवढीच. पण उपाशी माणसाचे मन कसे चालते, ते क्षणात आकाशाला कसे भिडते आणि क्षणात कसे कोसळते, हे इतक्या जवळून त्याआधी फार थोड्यांनी लिहिले होते. हामसुनने ती भूक भोगलेली होती. १८५९ मध्ये गरिबाघरी जन्म, नवव्या वर्षी मामाकडे रवानगी, तिथे मार आणि उपासमार. पुढे त्या शहरातही त्याने उपाशी दिवस काढले.

या लेखकाला १९२० साली नोबेल पारितोषिक मिळाले. आणि याच लेखकाने १९४० मध्ये नाझी सैन्य नॉर्वेत शिरले तेव्हा आपल्या देशबांधवांना बंदुका खाली ठेवण्यास सांगितले. २६ नोव्हेंबर १९४२ रोजी ‘डोनाउ’ नावाच्या जहाजातून ५३२ ज्यू लोकांना ऑस्लोहून नेण्यात आले. त्यांची वाट ऑश्विट्झकडे जात होती. त्याच महिन्यात नॉर्वेतील ख्रिस्ती धर्मपुढाऱ्यांनी ज्यूंच्या छळाविरुद्ध सरकारला लेखी निषेध कळवला होता. पुढच्याच वर्षी हामसुनने आपले नोबेल पदक हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याला भेट दिले. तो हिटलरलाही भेटला. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की त्या भेटीत त्याने नॉर्वेतील जर्मन अधिकाऱ्याच्या क्रौर्याची तक्रार केली आणि हिटलर संतापला. मृत्युदंड झालेल्या काही देशबांधवांसाठी त्याने रदबदलीही केली होती. पण ७ मे १९४५ रोजी, सगळे संपल्यावर, त्याने वर्तमानपत्रात हिटलरचा मृत्युलेख लिहिला. त्यात त्याने हिटलरसाठी ‘शुभवर्तमान’ हा शब्द वापरला. हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून बाजूला ठेवले होते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ही कादंबरी आम्ही पहिल्यांदा वाचली. लेखकाच्या उत्तरायुष्याविषयी तेव्हा कोणी अवाक्षर काढले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. त्या काळात आमच्याजवळ एक तयार उत्तर होते. संत ऑगस्टिन यांनी डोनाटिस्ट पंथीयांना दिलेले: धर्मगुरू अपात्र असला तरी त्याने दिलेला बाप्तिस्मा खोटा ठरत नाही, कारण बाप्तिस्मा ख्रिस्त देतो. तेच माप आम्ही पुस्तकाला लावले. लेखक वाईट, पुस्तक चांगले, विषय संपला. आज हे माप तोकडे वाटते. संस्काराचा उगम धर्मगुरूच्या मनात नसतो. कादंबरीचा उगम मात्र लेखकाच्या मनातच असतो. जे मन भूक ओळखू शकले त्याच मनाने तो मृत्युलेखही लिहिला.

यावर कोणी म्हणेल की कादंबरी आली तेव्हा हिटलर वर्षभराचे मूल होते, तिला कशाला दोष? बरोबर आहे. पण या वेळी पुन्हा वाचताना आम्हाला एक गोष्ट दिसली, जी विशीत दिसली नव्हती. या पुस्तकात करुणा फार कमी आहे. सुरुवातीलाच तो तरुण एका म्हाताऱ्या भिकाऱ्याला पैसे देण्यासाठी आपले वास्कट गहाण ठेवतो. सेमिनरीत आम्ही याला परोपकार समजलो होतो. पण भिकारी त्याच्या फाटक्या वेशाकडे बघतो, घ्यावे की नाही अशा शंकेत पडतो, आणि हा भडकतो! त्याला भिकाऱ्याचे पोट भरायचे नव्हते, दाता व्हायचे होते. पुढे एक रात्र तो बेघर म्हणून पोलिसांच्या कोठडीत काढतो, पण आपण किल्ली विसरलेले पत्रकार आहोत असे सांगून. सकाळी बाकीच्या बेघरांना जेवणाची तिकिटे मिळतात. याला मागता येत नाही. भुकेपेक्षा मोठा असा तो अहंकार लेखकाने विलक्षण प्रामाणिकपणे दाखवला आहे. मात्र शेजारी तिकीट घेऊन गेलेल्यांच्या भुकेविषयी त्याला काहीच कुतूहल नाही.

आपण सहज बोलून जातो, ज्याने सोसले त्याला दुसऱ्याचे कळते. नेहमी कळतेच असे नाही. सोसलेला माणूस कधी कधी फक्त स्वतःचेच सोसणे जाणतो, आणि दुसऱ्याच्या दाराशी जहाज उभे राहिले तरी त्याला काही वाटत नाही. हामसुनकडे डोळे होते. ते आयुष्यभर आत वळलेले राहिले, असे आमचे मत आहे. त्याच्या पुढच्या पुस्तकांचे चाहते कदाचित सहमत होणार नाहीत.

नॉर्वेलाही हे कोडे सुटलेले नाही. युद्धानंतर मनोविकारतज्ज्ञांनी त्याची मानसिक शक्ती कायमची क्षीण झाल्याचा निष्कर्ष काढला, देशद्रोहाचा फौजदारी खटला टळला, आणि १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यावर ३,२५,००० क्रोनरची भरपाई लादली. म्हाताऱ्याने १९४९ मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर, आणखी एक पुस्तक लिहून बुद्धी शाबूत असल्याचे दाखवून दिले. पश्चात्ताप त्यात नाही. सवलतीचा जो दरवाजा डॉक्टरांनी उघडला होता, तो त्याने स्वतःच लावून घेतला. २००९ मध्ये त्याच्या जन्माची दीडशे वर्षे साजरी झाली तेव्हा पुन्हा वाद पेटला.

हा प्रश्न आपल्याही घरात आला आहे. ज्याँ व्हानिए यांची पुस्तके आमच्या कपाटात आहेत, प्रवचनात आम्ही त्यांची उदाहरणे दिली आहेत. त्यांनी सहा स्त्रियांचा गैरफायदा घेतल्याचे त्यांच्याच ‘लार्श’ संस्थेने २०२० मध्ये जाहीर केले. ती पुस्तके आम्ही अजून टाकलेली नाहीत. पण त्यातले वाक्य आता ओठावर येत नाही, कारण समोरच्या बाकावर अशी एखादी स्त्री बसलेली असेल जिला ते टोचेल. हामसुनच्या बाबतीत मात्र आयझॅक बाशेविस सिंगर हे पोलंडमधून अमेरिकेत गेलेले ज्यू लेखक आठवतात. तरुणपणी त्यांनी हामसुनची पुस्तके यिद्दिशमध्ये आणली, आणि युद्धानंतरही ‘भूक’च्या इंग्रजी आवृत्तीला प्रस्तावना लिहून त्याचे ऋण मान्य केले. ज्यांच्या लोकांवर घाव पडला त्यांतल्या एकाने पुस्तक उघडे ठेवले, मग आम्ही ते बंद करणारे कोण?

म्हणून त्या तरुणीला आम्ही सांगितले, वाच. फक्त ७ मे १९४५ ही तारीख एका चिठ्ठीवर लिहून खूण म्हणून पुस्तकात ठेव (लायब्ररीचे आहे, पानावर लिहू नकोस). पुढे कोणाला वाचायला दिलेस तर चिठ्ठीसकट दे.

एक राहिले. कादंबरीतला तो तरुण मदत मागायला एका धर्मगुरूकडे जातो. दारावर पाटी असते, भेटीची वेळ १२ ते ४. त्याला तासभर उशीर झालेला असतो आणि तो तसाच परत फिरतो. आपल्या धर्मग्राम कार्यालयावरही अशी पाटी आहे. गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ साडेसातला आले होते. “उद्या सकाळी या” असे आम्ही खिडकीतूनच सांगितले. ते आले नाहीत. कोण होते, कुठून आले होते, आम्हाला माहीत नाही. पाटीखाली घंटेचे बटण बसवण्यास इलेक्ट्रिशियनला सांगितले आहे. तो येईपर्यंत मागच्या दाराने हाक मारावी.