बहिष्कार उठायची अट

"पैसा माझा आहे, कुणाच्या दुकानात खर्चायचा ते मी ठरवणार." संगमनेरच्या बाजारपेठेत ओळखीच्या एका शिकल्यासवरल्या गृहस्थांनी मला हे ऐकवलं. कुणाकडून काही घ्यायचं नाही याची यादी त्यांच्या मोबाईलवर आली होती. तिच्यात एकही कंपनी नव्हती. फळवाले, चादरवाले, बांगडीवाले, सगळे एकाच धर्माचे. त्यांचं वाक्य डोक्यातून जात नाही, कारण ते खोटं नाही.

बहिष्काराचा इतिहास म्हणजे स्वदेशी, 1905 सालची पुण्यातली विदेशी कापडाची होळी, हे शाळेतच शिकून झालं. माझ्या मनात घर करून आहे तो बाबू गेनू. आपल्याच पुणे-नाशिक रस्त्यावरच्या आंबेगाव तालुक्यातला, महाळुंगे पडवळचा गिरणी कामगार. 12 डिसेंबर 1930 ला काळबादेवीत विदेशी कापडाच्या लॉरीपुढे तो आडवा झाला, आणि लॉरी थांबली नाही. त्याच्याकडे बघून मी आजवर एक भेद सांगत आलो: दुबळ्यानं बलवानावर बहिष्कार टाकला तर तो लढा, बलवानानं दुबळ्यावर टाकला तर तो जाच.

गृहस्थ म्हणाले, "आम्ही कुठले बलवान? साधी गिऱ्हाइकं आहोत." इथं माझा भेद लंगडा पडला. स्वतःला बलवान म्हणवून घ्यायला कुणीच तयार नसतं. शिवाय खादीवाल्यांच्या बहिष्कारानं लँकेशायरचे जे गिरणी कामगार घरी बसले, ते तरी कुठं बलवान होते? 1931 च्या सप्टेंबरात गांधीजी त्यांच्याकडे, डार्वेनला, मुद्दाम गेले, तिथं राहिले, आपली बाजू त्यांना समोर बसून सांगितली. ज्यांचा धंदा बंद पाडायचा त्यांच्या दारात जायची ही हिंमत यादी पुढे ढकलणाऱ्या बोटात नसते.

आमच्या भागात दुधाचं आंदोलन सगळ्यांनी पाहिलंय. दूध न विकणं हाही बहिष्कारच, पण विकणाऱ्याची गोष्ट निराळी असते. गिऱ्हाईक चार महिने थांबेल. गाय थांबत नाही, सकाळ-संध्याकाळ धार काढावीच लागते आणि दूध रात्रीतून नासतं. म्हणून दूध अडवणं शेतकऱ्याला फार महाग पडतं. पण 2024 च्या जुलैत अकोले तालुक्यात कोतूळला धरणं धरलं गेलं तेव्हा मागणी स्पष्ट होती: लिटरला 40 रुपये. भाव द्या, उठतो. बाबू गेनूच्या काळी कापडाच्या व्यापाऱ्यालाही हेच सांगितलं होतं: विदेशी माल मागवू नका, आम्ही दारातून हटतो.

म्हणून आता मी बळ मोजत नाही, अट विचारतो. समोरच्यानं काय केलं म्हणजे बहिष्कार उठेल?

एवढ्यानंही भागत नाही. मुंबई सरकारनं नेमलेल्या स्टार्टे समितीत डॉ. आंबेडकर होते. तिच्या 1930 च्या अहवालात नोंद आहे, की अस्पृश्यांनी हक्क बजावायला घेतले की गाव त्यांचं काम बंद करी आणि दुकानदार रोजचे जिन्नस विकेनासा होई. अट तिथंही होती: हक्क सोडा. तेव्हा अट माणसाच्या कृतीबद्दल हवी, त्याच्या जन्माबद्दल किंवा माणूस म्हणून जगण्याबद्दल नव्हे. त्या गृहस्थांचा पैसा त्यांचाच, कुणीही तो हिसकावू नये. पण त्यांच्या यादीतल्या बांगडीवाल्याला नाव खोडून घ्यायचा रस्ताच ठेवलेला नाही. अशा यादीला मी निषेध म्हणणार नाही.

2025 च्या फेब्रुवारीत आपल्याच जिल्ह्यात, पाथर्डी तालुक्यातल्या मढीच्या ग्रामसभेनं कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकानं लावू न देण्याचा ठराव केला. हे व्यापारी यात्रेच्या प्रथा पाळत नाहीत, असं कारण दिलं गेलं. प्रथांचा प्रश्न होता तर "मोडेल त्याला जागा नाही, मग तो कुणीही असो" असा ठराव करता आला असता, आणि माझी त्याला हरकत नसती. गटविकास अधिकाऱ्यांनी तो ठराव रद्द केला, हे योग्यच झालं. पण एकही प्रथा न मोडणाऱ्या विक्रेत्यानं यात्रेत पाल ठोकायला काय करायला हवं होतं, याचं उत्तर त्या ठरावात कुठंच नव्हतं.