चुकीचा वाटा

'मुद्दाम नाही केलं' हे वाक्य आम्ही शिक्षक दिवसातून दहादा ऐकतो. आमच्या उर्दू शाळेत ते 'जानबूझकर नहीं किया' असे येते, एवढाच फरक. शाई सांडते, कंपास मोडतो, कोणाचे तरी कपाळ बाकावर आपटते. हेतू वाईट नव्हता अशी खात्री पटली की आम्ही सोडून देतो. नियत साफ तर कसूर माफ. हे इतके अंगवळणी पडले होते की त्यापलीकडे काही असेल असे कधी वाटलेच नाही. आमच्या सहा वर्षांच्या मुलाचा पाय त्याच्या आजोबांच्या सायकलीत अडकला, तेव्हा मात्र वाटले.

आमच्या अब्बांनी सारी हयात सोलापुरात यंत्रमागावर काढली. नातवाला शाळेतून आणणे हा त्यांच्या उतारवयातला एकमेव शौक. त्या दुपारी वळणावर कॅरिअरवरल्या पोराची उजवी टाच मागच्या चाकाच्या तारांत गेली. (मोटारसायकलला साडीसाठी जाळी असते, सायकलीवर मागे बसलेल्या पोराच्या पायाचा विचार कोणी केलेला दिसत नाही.) हाड शाबूत होते. डॉक्टरांनी धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, कच्चे प्लास्टर घातले आणि सांगितले की अशी जखम पहिल्या दिवशी लहानच दिसते. चिरडलेली कातडी चार-पाच दिवसांनी काळी पडते, तेव्हा खरे काय ते कळेल. तसेच झाले. टाचेवरची रुपयाएवढी कातडी गेली.

अब्बांनी जेवण टाकले. नातवाच्या खाटेजवळ ते येईनात. जो येई तो एकच तसल्ली देई, "तुमचा काय कसूर? तुम्ही का जाणूनबुजून केलंत?" आम्हीही तेच म्हणत होतो. आणि प्रत्येक वेळी ते आणखी आत मिटत होते.

बी.एड.ला आम्ही पियाजे शिकलो होतो. मुलांच्या नैतिक जाणिवेवरचे त्याचे पुस्तक १९३२ सालचे. त्यात दोन मुलांची गोष्ट आहे. एकाच्या हातून नकळत पंधरा कप फुटतात, दुसऱ्याच्या हातून खाऊ चोरताना एकच. लहान मुले पंधरावाल्याला जास्त दोषी ठरवतात. मोठी झाली की हेतू पाहू लागतात. परीक्षेत आम्ही याला 'नैतिक विकास' असे लिहून गुण मिळवले. आता सत्तरीतले अब्बा फुटलेले कप मोजत होते आणि आम्ही त्यांना हेतू समजावत होतो. अडाणी कोण होते?

पोराने त्यांना दोष दिलाच नाही. त्याचा प्रश्न वेगळाच होता, "दादा माझ्याकडे का येत नाहीत? माझ्यावर रागावलेत का?"

फिकहमध्ये अनवधानाने झालेल्या हत्येचे, 'कत्ल-ए-खता'चे, प्रकरण आहे. एका टाचेला तो कायदा लावण्याचा आमचा इरादा नाही. पण त्यातला विचार पाहण्यासारखा आहे. हेतू नव्हता म्हणून किसास नाही. मात्र हेतू नव्हता म्हणून हात झटकून मोकळे होणेही नाही. दियत द्यावीच लागते. आणि ती एकट्याने द्यायची नसते. हनफी मतानुसार 'आकिला', म्हणजे त्याची जवळची माणसे, ती तीन वर्षांत वाटून फेडतात. कफ्फारा तेवढा ज्याचा त्याने करायचा. त्यातले रोजे दुसऱ्या कोणाला ठेवता येत नाहीत.

आमच्या घरात वाटणी न सांगता झाली होती. पोराची फूफी अक्कलकोटहून येऊन दहा दिवस राहिली. शेजारच्या रिक्षावाल्याने एक दिवसाआड ड्रेसिंगला नेले आणि पैशांचे नाव काढू दिले नाही. अम्मीने रात्री जागवल्या, आम्ही शाळेतून अर्ध्या रजा काढल्या. वाटा नव्हता तो फक्त अब्बांना. 'कसूर नाही' म्हणता म्हणता आम्ही त्यांच्या हातचे कामही काढून घेतले होते.

मग एका सकाळी आम्ही म्हणालो, "अब्बा, आज ड्रेसिंगला तुम्हीच न्या." ते काही बोलले नाहीत. चपला घातल्या. पट्टी सुटताना पोर किंचाळले, तेव्हा त्याने धरला तो त्यांचाच अंगठा.

दीड महिन्याने तो चालू लागला, आधी चवड्यावर, मग सरळ. सायकल भिंतीशी उभी आहे. अब्बा आता त्याला पायीच आणतात. थंडीत टाचेची नवी कातडी तडकते. रात्री सगळे आडवे झाले की अब्बा उठतात, खोबरेलाची बाटली चुलीजवळ धरून पातळ करतात आणि झोपलेल्या पोराचा पाय मांडीवर घेतात.