मूठभर कागदाच्या पट्ट्या

सावकाश बसा. एक तळहात मांडीवर उताणा ठेवा. त्यावर प्रयोगशाळेतला एक उंदीर बसला आहे असं समजा. वजन जेमतेम 25 ग्रॅम. भार जाणवणार नाही, पण ऊब जाणवेल. अंग एवढंसं असलं की ऊब टिकत नाही, सारखी निसटते. त्या निसटण्याकडे थोडा वेळ लक्ष असू द्या.

आता त्याची खोली. तापमान 20 ते 24 अंश, अंगावर एप्रन चढवून काम करणाऱ्या माणसाला सुखाचं. उंदराचं शरीर मात्र 30 अंशांच्या आसपास निवांत होतं. म्हणजे आपल्याला बरं वाटतं तिथे तो दिवसरात्र गारठलेला असतो. इथे थांबा. एक श्वास घ्या, सोडा.

त्याला काय हवं, हे त्यालाच विचारता येतं. जोडलेले दोन पिंजरे, एकात आयतं घरकुल, दुसऱ्यात नुसता मऊ कागद. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात 1990 च्या दशकात हे करून पाहिलं, आणि उंदरांचा ओढा कागदाकडे होता. अमेरिकेत ब्रियाना गॅस्किल यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तर काही उंदीर गार पिंजऱ्यातला कागद तोंडात धरून उबदार पिंजऱ्यात नेत राहिले. गारठा सुसह्य व्हायला 6 ते 10 ग्रॅम कागद लागतो, असं त्यातून दिसलं. एवढासा! तो न देण्याला कुठलंच कारण मला पटत नाही.

लाल प्लास्टिकची घुमटीही काही ठिकाणी ठेवतात. उंदराला लाल उजेड जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे त्याला आत अंधार मिळतो आणि माणसाला तो बाहेरून दिसतो. चांगली सोय आहे. पण भिंत गारच.

म्हणून पुन्हा कागदाकडे या. डोळे मिटा. पट्टी दातात धरून ओढल्याची बारीक खसखस ऐका. तो पट्टी कुरतडतो, मऊ करतो, स्वतःभोवती गोल फिरतो, अंगानेच भिंत दाबून बसवतो. भिंती वर चढतात, वाकतात, डोक्यावर मिळतात. आत त्याच्याच अंगाची ऊब त्याच्याकडे परत येते.

साफसफाईचा दिवस. भुसा बदलेल, पिंजरा धुतला जाईल. जुनं घरटं मात्र टाकू नका. त्याला उंदरांच्या ओळखीचा वास आहे, आणि ते सोबत गेलं तर एकत्र राहणारे नर कमी भांडतात. उंदराला शेपटीला धरून उचलू नका. नळी पुढे धरा, तो आपणहून आत येईल. घाई नाही.

आता ते घरटं नव्या पिंजऱ्याच्या कोपऱ्यात ठेवा. हात मागे घ्या. मिशा हलतात, तो हुंगतो, आत शिरतो. मग आतूनच एक पट्टी ओढून घेतो आणि दार बुजवतो.