मुक्या जिवाची अमानत



मांजराला मधुमेह होतो, हे ऐकले की ऐकणारा आधी हसतो. ज्या घरात तसे निदान झालेले असते, तेथे मात्र हसण्यासारखे काही नसते. दहा-बारा वर्षे अंगाखांद्यावर वाढलेले मांजर सारखे पाण्याच्या भांड्यापाशी बसू लागते, वारंवार लघवी करते, पोटभर खाऊनही वाळत जाते. काही मांजरे मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून चालू लागतात. पशुवैद्य रक्त आणि लघवी तपासतात. केवळ भीतीनेही मांजराच्या रक्तातील साखर चढते, म्हणून ते एकाच आकड्यावर विसंबत नाहीत. निदान पक्के झाले की सांगतात : दिवसातून दोन वेळा, बारा-बारा तासांनी, इन्सुलिनची सुई.

आणि मग तो प्रश्न उभा राहतो, जो जुम्याच्या नमाजनंतर इमामाला कोणी ना कोणी हळूच विचारतो : “मौलाना, माणसे औषधाविना तडफडत असताना मांजरावर एवढा पैसा घालणे हा इसराफ नव्हे काय? त्यापेक्षा अल्लाहच्या भरवशावर त्याला बाहेर सोडून दिले तर?”

प्रश्न प्रामाणिक आहे. त्याला “मुक्या प्राण्यावर दया करा” एवढे मोघम उत्तर देऊन भागत नाही. दयेचे कौतुक सर्वांनाच असते. येथे प्रश्न दयेचा नसून हक्काचा आहे.

दोन दारांची हदीस

बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेली हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. एका स्त्रीला मांजरामुळे शिक्षा झाली. तिने त्याला कोंडून ठेवले, खाऊपिऊ घातले नाही आणि मोकळेही सोडले नाही, की त्याने जमिनीवरचे किडामुंगी खाऊन जगावे. या हदीसचा उपयोग आपण बहुधा क्रौर्याविरुद्ध करतो. परंतु तिच्या शब्दांकडे नीट पाहिले तर त्यात एक कायदा दडलेला दिसतो. त्या स्त्रीपुढे दोन दारे होती : एक पोसण्याचे, दुसरे मुक्त करण्याचे. दोन्ही बंद करून ती मध्ये उभी राहिली, हा तिचा गुन्हा.

आता मधुमेही मांजराचा विचार करा. त्याला बाहेर सोडले तर ते जगेल काय? इन्सुलिनअभावी शरीर साखर वापरू शकत नाही, ते स्वतःचीच चरबी आणि स्नायू जाळू लागते. रक्तात आम्ल साठते, उलट्या होतात, आणि जीव दिवसेंदिवस खंगत जातो. निरोगी मांजराला मोकळे सोडणे म्हणजे त्याला त्याच्या रिज्कच्या वाटेवर सोडणे. आजारी मांजराला सोडणे म्हणजे त्याचा मृत्यू आपल्या नजरेआड होईल अशी व्यवस्था करणे. आजाराने दुसरे दार आपोआप बंद केले आहे. उरले ते एकच दार, आणि त्याची किल्ली आपल्या हातात आहे. मासळी बाजारात किंवा बंदरावर पिशवीतून मांजर सोडून येणारा माणूस “अल्लाहच्या भरवशावर सोडले” असे म्हणतो. तवक्कुलचा अर्थ एवढा सोपा नाही. उंट आधी बांधावा आणि मग भरवसा ठेवावा, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे.

फुकहा काय म्हणतात?

पाळलेल्या जनावराचा खर्च, म्हणजे नफका, मालकावर आहे, हे सर्व मजहबांत मान्य आहे. मतभेद आहे तो सक्तीबद्दल. शाफई, मालिकी व हंबली फुकहांच्या मते मालक टाळाटाळ करील तर काझी त्याला भाग पाडू शकतो. हनफी मजहबातील प्रचलित मत असे, की काझी सक्ती करणार नाही, इमाम अबू यूसुफ (रह.) मात्र सक्तीच्या बाजूचे आहेत. कोकणातील शाफई असोत वा देशावरील हनफी, अल्लाहसमोर ही जबाबदारी मालकाचीच आहे, यावर सर्वांचे एकमत आहे. न्यायालयाची सक्ती नाही, म्हणून कयामतची विचारणा टळत नाही.

शाफई परंपरेतील थोर विद्वान इमाम इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम (रह.) यांचे निधन हिजरी ६६० मध्ये, म्हणजे इसवी सन १२६२ मध्ये झाले. ‘कवाइदुल अहकाम’ या ग्रंथात त्यांनी माणसावरील जनावरांचे हक्क एकेक करून नोंदले आहेत. त्यात आरंभीच ते सांगतात, की जनावर पंगू वा आजारी होऊन त्याचा काही उपयोग उरला नाही, तरी त्याचा खर्च चुकत नाही. सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वीचा हा विचार आहे. मांजर उंदीर धरीनासे झाले, त्याच्या केसांची झळाळी गेली, मुलांना त्याच्याशी खेळण्यात मौज वाटेनाशी झाली. हक्क मात्र तसाच राहिला.

येथे एक बारकावा सांगितला पाहिजे. बहुसंख्य फुकहांच्या मते माणसाने स्वतःवर उपचार करून घेणेही सामान्यतः वाजिब नाही, पसंत केलेले आहे. तेव्हा मांजरावरील प्रत्येक महागडा उपचार फर्ज आहे, असे कोणी म्हणू नये. परंतु माणूस आपल्या आजाराबद्दल सब्र करण्याचा निर्णय स्वतः घेतो. मांजराच्या वतीने सब्र करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आपल्या आवाक्यात असलेला उपाय टाळून दुसऱ्या जिवाला सोसायला लावणे, याला सब्र म्हणत नाहीत.

अमानत घड्याळावर मोजली जाते

अल्लाहला सर्वांत प्रिय ते कर्म, जे थोडे असले तरी नित्य असते, असे प्रेषितांनी (स.) सांगितल्याचे हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून बुखारी व मुस्लिममध्ये आले आहे. मधुमेही मांजराची सेवा ही या हदीसची अक्षरशः तालीम आहे. सुई टोचायला अर्धे मिनिटही लागत नाही. बारीक सुई, मानेमागची किंवा कुशीची सैल कातडी चिमटीत धरायची, बस्स. मांजर खाण्यात गुंतलेले असेल तर अनेकदा त्याला कळतही नाही. कठीण आहे ते रोज, वेळेवर, न चुकता करणे.

अनेकांना वाटते, फजर आणि मगरिबशी वेळ बांधली की विसरणार नाही. हेतू चांगला आहे. पण नमाजच्या वेळा सूर्यासोबत सरकतात. डिसेंबरात आपल्याकडे फजर ते मगरिब हे अंतर बारा तासांच्या आसपास असते, तर जूनमध्ये चौदा तासांहून अधिक होते. इन्सुलिनला बारा तास हवेत. म्हणून सकाळी सात आणि रात्री सात, अशी घड्याळाची वेळ ठरवावी. रमजानमध्येही ती सहेरी-इफ्तारकडे ओढू नये. रोजा आपला आहे, मांजराचा नव्हे.

काही गोष्टी प्रत्येक घराने पक्क्या समजून घ्याव्यात. मात्रा पशुवैद्यच ठरवतील. मांजराची मात्रा सहसा एकेका युनिटची असते, त्यामुळे चूक लहान दिसली तरी लहान नसते. आपल्या बाजारात यू-४० आणि यू-१०० अशा दोन शक्तींचे इन्सुलिन मिळते, आणि त्यांच्या सिरिंजाही वेगळ्या असतात. यू-१००चे औषध यू-४०च्या सिरिंजमध्ये भरले तर अडीचपट मात्रा जाते. औषध फ्रिजमध्ये ठेवावे, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. मांजराने खाल्ले नाही किंवा उलटी केली, तर नेहमीची सुई देण्याआधी डॉक्टरांना विचारावे. सुई दिली की नाही हे आठवत नसेल, तर दुसऱ्यांदा देऊ नये. एक सुई चुकल्याने सहसा जीव जात नाही, दुप्पट दिल्याने जाऊ शकतो. साखर फार उतरली तर मांजर लटपटते, थरथरते, त्याला झटके येतात. अशा वेळी त्याच्या हिरड्यांना मध चोळावा, बेशुद्धीत काही घशात ओतू नये, आणि तत्काळ दवाखाना गाठावा. ज्या मधात शिफा असल्याचे सूरह नहलमध्ये (आयत ६९) सांगितले आहे, त्याची लहान बाटली इन्सुलिनच्या शेजारीच असू द्यावी.

आहाराचेही तसेच. मांजर हा मांसाहारी जीव आहे. भात, पाव, बिस्किटे ही आपली सोय आहे, त्याची गरज नव्हे. मांस-मासळीचा आहार वाढवून पिष्ट कमी केल्याने साखर उतरते, आणि लवकर उपचार सुरू झालेल्या काही मांजरांचे इन्सुलिन पुढे सुटतेही. परंतु आहार बदलला की मात्राही बदलावी लागते, म्हणून हे डॉक्टरांना सांगूनच करावे. माणसांच्या मधुमेहाच्या गोळ्या, कारल्याचा रस, मेथीचे पाणी हे प्रयोग मुक्या जिवावर करू नयेत. दुआ जरूर करावी; मात्र दुआ ही सुईची सोबती आहे, बदली नव्हे.

एक वही ठेवावी : तारीख, वेळ, मात्रा, किती खाल्ले, किती पाणी प्यायले, वजन. मोमिन रात्री आपल्या दिवसाचा मुहासबा करतो. ही वहीदेखील एक मुहासबाच आहे. ज्याला तोंड नाही, त्याची बाजू तीच मांडते. अबू दाऊदमधील त्या उंटाची आठवण करावी. एका अन्सारी सहाबींच्या बागेत प्रेषितांना (स.) पाहून तो कण्हला, त्याचे डोळे भरून आले. प्रेषितांनी (स.) त्याच्या मस्तकावरून हात फिरवला आणि मालकाला बजावले, की हा उंट उपाशी ठेवल्याची आणि राबवल्याची तक्रार करतो आहे. आपल्याला जनावरांची भाषा येत नाही. आपल्याला लक्षणे वाचावी लागतात.

आणि हे काम कोणाचे? मांजर मुलांनी हट्टाने आणायचे, लाड सर्वांनी करायचे, आणि सुई मात्र आईने टोचायची, ही रीत अनेक घरांत दिसते. तुमच्यातील प्रत्येक जण राखणदार आहे, ही हदीस केवळ स्त्रियांसाठी नाही. उमराहला निघताना आपण लोकांच्या ठेवी परत करतो, कर्ज फेडतो, माफी मागतो. घरात असे मांजर असेल तर सुई शिकवलेला माणूस मागे ठेवणे, हेही त्याच यादीत यावे.

सुईमागचे ऋण

इन्सुलिनच्या मुळाशी कोण आहे, हेही जाणून घ्यावे. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी आपले प्रयोग कुत्र्यांवर केले. १९२२च्या जानेवारीत पहिल्यांदा एका चौदा वर्षांच्या मुलाला ते औषध दिले गेले. पुढे साठ वर्षे मधुमेही माणसे गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्सुलिनवर जगली. आज आपल्या कितीतरी आई-वडिलांचे प्राण ज्या औषधावर टिकून आहेत, ते जनावरांच्या देहातून आपल्यापर्यंत आले. तेच औषध मांजराला देताना “हे माणसांचे आहे” असे म्हणणे फारसे शोभत नाही. मांजराचे आणि गाईचे इन्सुलिन यांत केवळ एका अमिनो आम्लाचा फरक आहे. पृथ्वीवरील प्राणी आणि पक्षी या तुमच्यासारख्याच जमाती आहेत, या अर्थाचे सूरह अनआममधील (आयत ३८) वचन वाचताना ही गोष्ट मनात यावी.

काही वाचक विचारतील, मग डुकरापासूनचे इन्सुलिन मांजराला चालेल काय? जनावरांसाठी असे एक इन्सुलिन जगात वापरले जाते, हे खरे. परंतु मांजरांना सर्रास दिले जाणारे ग्लार्जिन हे जिवाणूंच्या साहाय्याने तयार होते. डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगितले, तर बहुधा हा पेच उद्भवतच नाही. उद्भवलाच, तर आपल्या मुफ्तींना विचारावे. पण उत्तर येईपर्यंत उपचार अडवून ठेवू नये.

ऐपत नसेल तर?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ज्या घरात मुलाचे औषध आणि मांजराचे औषध यांपैकी एकच परवडते, तेथे मुलाचा हक्क आधी. यात संकोच नको. जकातचे पैसेही मांजरावर खर्च करता येत नाहीत, कारण जकातचे आठही हक्कदार माणसे आहेत. सदका मात्र देता येतो. प्रत्येक सजीवाच्या सेवेत पुण्य आहे, हे तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याच्या हदीसने सांगितले आहे.

परंतु स्वतःला एकदा विचारावे, की निवड खरोखर मूल आणि मांजर यांच्यात आहे काय? बहुतेक घरांत ती मांजर आणि नवा मोबाइल यांच्यात, मांजर आणि आपली सकाळची झोप यांच्यात असते. इसराफ म्हणजे गरजेविना उधळणे. वचन पाळण्याचा खर्च हा इसराफ नव्हे.

ऐपत खरोखरच नसेल, तर तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. परवडेल असा साधा उपचार विचारावा, शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे, काळजी घेऊ शकणाऱ्या दुसऱ्या घराला मांजर सोपवावे. सारे उपाय थकून केवळ यातना उरल्या, तर वेदनारहित मृत्यू देण्याबाबत उलमांमध्ये मतभेद आहेत. तेथे मुफ्ती आणि पशुवैद्य दोघांचा सल्ला घ्यावा. एक वाट मात्र कोणाच्याच मते खुली नाही : काहीही न करता त्याच्या मरणाची वाट पाहणे. ती त्या स्त्रीची वाट आहे.

हजरत अबू कतादा (रजि.) वुजूच्या पाण्याजवळ आलेल्या मांजरासाठी भांडे कलते करीत. सून आश्चर्याने पाहू लागली, तेव्हा त्यांनी प्रेषितांच्या (स.) वचनाचा आधार दिला, की हे नापाक नाही, हे तुमच्या अवतीभवती वावरणाऱ्यांपैकी आहे. अवतीभवती वावरणारा, म्हणजे घरातला. घरातल्याची निगा त्याच्या धावण्या-खेळण्याच्या दिवसांपुरती नसते.

अल्लाह आपणास आपल्या ताब्यातील प्रत्येक अमानतीचा हक्क वेळेवर अदा करण्याची तौफीक देवो, आणि ज्यांना बोलता येत नाही, त्यांच्या तक्रारीपासून कयामतच्या दिवशी आपले रक्षण करो. आमीन.