डिझेलचे मालिन्य आणि द्रव्यशुद्धीचा विचार

मालिन्य हा द्रव्याचा अंगभूत धर्म आहे, की ती बाहेरून चिकटलेली आणि म्हणूनच दूर करता येण्याजोगी अवस्था, म्हणजे उपाधी आहे, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी मुख्यतः आत्म्यासंबंधी विचारला. जुन्या डिझेल गाडीच्या टाकीत मात्र तो डोळ्यांनी पाहता येतो. अर्धवट भरलेल्या टाकीतील हवेतली वाफ रात्रीच्या गारव्याने पत्र्यावर पाणी होऊन उतरते, डिझेलपेक्षा जड असल्याने ते पाणी तळाशी बसते, आणि दोहोंच्या सीमेवर बुरशी व जिवाणू पाण्यात राहून डिझेलवर पोसले जातात. फिल्टर चोंदवणारा काळपट, बुळबुळीत गाळ पुष्कळदा याच वस्तीचा असतो. येथे दोष एकट्या डिझेलचा नाही वा पाण्याचाही नाही; तो दोहोंच्या संसर्गाचा आहे. अर्थात संसर्गवाद्याचा हा विजय पूर्ण नव्हे, कारण फार दिवस साठवलेले डिझेल हवेच्या संपर्काने डिंकासारखा थरही धरते. तरीही उपायाची दिशा संसर्गच ठरवतो: केवळ जंतुनाशक ओतल्यास मेलेली वस्ती फिल्टरमध्येच अडकते आणि तळचे पाणी नव्या वस्तीची वाट पाहते, म्हणून आधी तळाचा बूच उघडून पाणी सोडावे लागते, टाकी धुवावी लागते, फिल्टर बदलून लाइनमधील एअर काढावी लागते.

धर्मशास्त्रातील द्रव्यशुद्धी, म्हणजे वस्तूंच्या शुद्धीचे प्रकरण, याच व्यवहारी वळणाचे आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तांब्या-पितळेला राख, आंबट पदार्थ आणि पाणी, मातीच्या भांड्याला पुन्हा भाजणे, लाकडाला तासणे, तर द्रव पदार्थांना उत्पवन, म्हणजे भाष्यकारांच्या मते दर्भाच्या काड्या फिरवणे वा गाळणे, सांगितले आहे. शुद्धी एकच नसून द्रव्यागणिक वेगळी आहे, ही या प्रकरणाची खरी सूक्ष्मता. तीच परंपरा माणसांकडे वळताच ही सूक्ष्मता गमावते आणि संसर्गाचा दोष जन्माला चिकटवते, हे नजरेआड करता येत नाही.

शुद्धी उपयोगसापेक्षही असते. भारतात 1 एप्रिल 2020 पासून डिझेलमधील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत 10 भाग इतकी खाली आली; हवेच्या दृष्टीने हे इंधन निःसंशय अधिक शुद्ध आहे. परंतु गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलला वंगणाचा गुण देणारी संयुगेही निघून जातात, आणि जुन्या गाडीच्या पंपाचे आतले भाग तर डिझेलच्याच वंगणावर चालतात, म्हणून तो गुण वेगळे द्रव्य मिसळून परत आणावा लागतो. तेव्हा प्रत्येक मिसळण भेसळ नसते.

भेसळ वेगळी पडते ती कर्त्यामुळे. स्वस्त रॉकेल मिसळलेले डिझेलही पंप झिजवते, पण तेथे द्रव्यशुद्धीचे प्रकरण अपुरे पडते. अदूषित द्रव्य दूषित करणाऱ्याला मनु नवव्या अध्यायात, राजाच्या दंडाच्या प्रकरणात गाठतो आणि प्रथम साहस, म्हणजे 250 पणांचा दंड सांगतो. 25 जानेवारी 2011 रोजी मनमाडजवळ इंधनातील भेसळ रोखू पाहणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले, तेव्हा प्रश्न इंधनाच्या शुद्धीचा उरलाच नव्हता.