शांततेचं खरेदीखत

ॲम्स्टरडॅमलगतच्या झाडीतल्या निवांत वस्तीत फ्लॅट घेणारं मराठी कुटुंब नेमकं काय विकत घेतं? भिंती, हे उघड आहे. पण जाहिरात असते शांततेची, आणि तिचं खरेदीखत होत नाही. ॲम्स्टरडॅम महापालिका 1896 पासून जमीन भाडेपट्ट्याने देत आली. म्हणजे शहरातल्या कितीतरी घरमालकांच्या पायाखालची जमीन शहराचीच. आपल्याकडच्या 1970 च्या अपार्टमेंट कायद्यातही फ्लॅट स्वतःचा, पण जमीन, जिना, गच्ची यांत फक्त अविभक्त हिस्सा. घराचा कुणीच एकटा धनी नसतो, हे कायद्याला कळलं. अपरिग्रहावर प्रवचनं झोडणाऱ्यांना मात्र कळत नाही.

ते म्हणतील, मग घराचा मोहच सोडा. हे पटत नाही. तुकोबा स्वतः संसारी होते, आणि वीस वर्षांचे हप्ते अंगावर घेतलेल्याला त्याग शिकवणं फुकटचा उद्योग आहे. दुसरा आक्षेप वजनदार: मेंटेनन्स भरला, आता शांतता माझ्या हक्काची. पण मेंटेनन्समधून माळी मिळतो. रात्री टीव्ही हळू लावणारा शेजारी त्यात येत नाही. शेजार कसा असतो ते वारीत दिसतं: वाटेवरच्या काटेवाडीत तुकोबांच्या पालखीला परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो, मेंढ्या पालखीभोवती धावत रिंगण करतात. धुरळा उडतो, रस्ता अडतो, गलका होतो. हा उपद्रव वाटणाऱ्याला खरं तर शेजारच नको असतो. त्याला नेदरलँड्सचा फ्लॅटही उपयोगाचा नाही: तिथे फ्लॅट घेतला की कायद्यानेच माणूस मालकसंघाचा सभासद होतो, आणि घर विकल्याशिवाय त्यातून सुटका नाही.